मानवी पुनःसंयोजित इंटरल्युकिन-३

मानवी पुनःसंयोजित इंटरल्युकिन-३ हे मानवी शरीरातील इंटरल्युकिन-३ या संकेतवाहक प्रथिनाचे प्रयोगशाळेत तयार केलेले रूप होय. मानवी जनुक जीवाणूंत किंवा अन्य पेशींत घालून त्या पेशींकरवी हे प्रथिन बनवून घेतात व शुद्ध करतात. अस्थिमज्जेतील मूळपेशींपासून निरनिराळ्या रक्तपेशी कशा घडतात, हाडे झिजवणाऱ्या पेशींना आवर कसा बसतो, ॲलर्जीतील पेशी उत्तेजित कशा होतात, अशा प्रश्नांचा शोध घेताना ते पेशींच्या संवर्धन माध्यमात अत्यल्प प्रमाणात मिसळले जाते. हे संशोधनासाठीचे अभिकर्मक आहे, औषध नव्हे. औषध म्हणून त्याची चाचणी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झाली, परंतु ते रुग्णांसाठी स्वतंत्र औषध म्हणून बाजारात आले नाही. महाराष्ट्रात या प्रथिनावरील उल्लेखनीय संशोधन पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झाले आहे.

नाव व परिभाषा

‘इंटर’ म्हणजे मधले, परस्परांतले. ‘ल्युक’ हा अंश ल्युकोसाइट म्हणजे पांढऱ्या रक्तपेशीतून आला आहे. आणि ‘किन’ या अंशाचे मूळ गती देणे या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. पांढऱ्या पेशींनी एकमेकींना हालचालीस प्रवृत्त करण्यासाठी पाठवलेला निरोप, असा या शब्दाचा भावार्थ सांगता येईल. १९७९ साली स्वित्झर्लंडमधील एर्माटिंगेन येथे भरलेल्या कार्यशाळेत ‘इंटरल्युकिन’ ही संज्ञा ठरली आणि पहिले दोन क्रमांक दिले गेले. तिसरा क्रमांक प्रस्तुत प्रथिनाला मिळाला.

‘रिकॉम्बिनंट’ या शब्दासाठी मराठीत पुनःसंयोजित, पुनर्संयोजी अशी रूपे वापरात आहेत. या लेखात पहिले रूप स्वीकारले आहे. ‘पुनः’ या उपसर्गामुळे तुटलेले पुन्हा जोडले असा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात येथे दोन भिन्न जीवांचे डीएनए प्रथमच एकत्र जोडलेले असतात. ‘सायटोकाइन’ला सर्वमान्य मराठी पर्याय रूढ झालेला नाही. ‘पेशीप्रेरक’ हा शब्द सुचवला तरी तो अनेक वेगळ्या पदार्थांनाही लागू पडेल, म्हणून मूळ शब्दच ठेवणे श्रेयस्कर.

शोधाचा इतिहास

इंटरल्युकिन-३ चा इतिहास हा बराचसा एकाच पदार्थाला अनेक नावे पडण्याचा इतिहास आहे. १९७० च्या दशकात अनेक प्रयोगशाळा उत्तेजित टी-पेशी वाढवलेल्या द्रवाचे गुणधर्म तपासत होत्या. तो द्रव मास्ट पेशी वाढवतो असे एका गटाला दिसले. त्यांनी त्यातील घटकाला मास्ट पेशी वृद्धी घटक म्हटले. अनेक प्रकारच्या रक्तपेशींच्या वसाहती त्याच्या योगे उमलतात असे दुसऱ्यांना आढळले; त्यांनी बहु-वसाहत-उत्तेजक घटक हे नाव दिले. तांबड्या पेशींच्या पूर्वजांवर काम करणाऱ्यांनी आणखी वेगळे नाव ठेवले. हे सर्व गट एकाच प्रथिनाला वेगवेगळ्या बाजूंनी स्पर्श करीत होते. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट येथे आठवावी, एवढाच फरक की या प्रत्येकाचे वर्णन आपापल्या परीने अचूक होते.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात फ्रेडरिक येथे काम करणारे जेम्स इहले व सहकारी यांनी १९८१ मध्ये या घटकाला इंटरल्युकिन-३ असे संबोधले व १९८३ पर्यंत उंदराचे हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यानंतरच वरील अनेक नावांमागे एकच पदार्थ आहे हे स्पष्ट झाले. या कामी उंदराच्या ल्युकेमियापासून मिळवलेल्या ‘वेही-३’ नावाच्या पेशी उपयोगी पडल्या. मेलबर्नमधील वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेच्या आद्याक्षरांवरून हे नाव आले आहे. या पेशी कोणत्याही उत्तेजनाविना सतत इंटरल्युकिन-३ स्रवतात. याचे कारण १९८५ मध्ये उलगडले: त्यांच्या जनुकसंचात एक फिरता, विषाणूसदृश डीएनए तुकडा नेमका इंटरल्युकिन-३ च्या जनुकाशेजारी जाऊन बसला होता आणि त्याने ते जनुक कायमचे चालू केले होते. एका उंदराच्या रोगातील अपघात अशा रीतीने संशोधकांच्या पथ्यावर पडला.

उंदराच्या जनुकाची प्रतिकृती १९८४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मिळवली. त्यांपैकी एक गट कॅनबेरा येथील इयान यंग यांचा, तर दुसरा कॅलिफोर्नियातील डीएनएएक्स संस्थेचा होता. यापुढे मानवी जनुक सहज सापडेल अशी अपेक्षा होती. पण तसे झाले नाही. सामान्यतः उंदराचे जनुक हाती आले की त्याच्या साम्यावरून माणसाचे ओळखता येते. इंटरल्युकिन-३ च्या बाबतीत दोन्ही प्रथिनांतील अमिनो आम्लांचे साम्य सुमारे २९ टक्केच असल्याने ही युक्ती अपुरी ठरली. अखेर जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या अमेरिकी कंपनीतील स्टीव्हन क्लार्क यांच्या गटाने वेगळी वाट धरली. त्यांनी गिबन या कपीच्या टी-पेशींपासून वाढवलेल्या पेशी-वंशाकडे पाहिले, त्या पेशींतून आधी गिबनचे जनुक मिळवले आणि त्याच्या आधारे १९८६ मध्ये मानवी जनुक शोधले. गिबन व मानव यांचे हे प्रथिन जवळजवळ सारखे आहे.

उंदीर आणि माणूस यांच्यातील या तफावतीचा व्यावहारिक परिणाम आजही जाणवतो. मानवी इंटरल्युकिन-३ उंदराच्या पेशींवर परिणाम करीत नाही. उंदराचेही मानवी पेशींवर चालत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेच्या मागणीपत्रात ‘मानवी’ हा शब्द लिहिणे अत्यावश्यक असते. तो शब्द गळाला आणि चुकीची कुपी आली, तर प्रयोगात काहीच घडत नाही आणि संशोधक आपल्या पेशींना दोष देत बसतो.

रचना

इंटरल्युकिन-३ चे जनुक मानवाच्या पाचव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर, ५क्यू३१ या स्थानी आहे. जीएम-सीएसएफ या दुसऱ्या रक्तपेशीवर्धक प्रथिनाचे जनुक त्याच्या अगदी लगत असून इंटरल्युकिन-४, ५ व १३ यांची जनुकेही याच परिसरात आहेत.

पेशीत हे प्रथिन प्रथम १५२ अमिनो आम्लांचे बनते. त्यातील आरंभीची १९ आम्ले ही केवळ पेशीबाहेर जाण्याचा परवाना असतात. बाहेर पडताना ती छाटली जातात आणि १३३ आम्लांचे पक्व प्रथिन उरते. त्याचे रेण्वीय वस्तुमान सुमारे १५,००० डाल्टन भरते. मानवी पेशीत त्यावर शर्करेच्या साखळ्या जडतात, त्यामुळे नैसर्गिक प्रथिन अधिक जड असते. रेणूत सोळाव्या व चौऱ्याऐंशीव्या स्थानांवरील सिस्टीन आम्लांना जोडणारा गंधकाचा एकच पूल आहे. घडण चार मळसूत्री दांड्यांच्या जुडीसारखी असून सायटोकाइनांच्या एका मोठ्या कुळात ती आढळते.

ग्राही व संकेतन

संकेतवाहक प्रथिन सहसा स्वतः पेशीत शिरून काम करीत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते आणि पुढचा निरोप पेशीच्या आतील यंत्रणा वाहून नेते. इंटरल्युकिन-३ च्या ग्राहीचे दोन भाग आहेत. अल्फा हा भाग, ज्याला सीडी१२३ असेही म्हणतात, केवळ इंटरल्युकिन-३ ला ओळखतो. बीटा हा भाग मात्र सामाईक आहे. जीएम-सीएसएफ व इंटरल्युकिन-५ यांचे ग्राहीही तोच वापरतात. तीन पाहुण्यांसाठी तीन वेगळ्या कड्या, पण आत जाणारा ओसरीचा रस्ता एकच, अशी ही व्यवस्था आहे. या तिन्ही सायटोकाइनांचे परिणाम काही अंशी सारखे का दिसतात, याचे उत्तर त्यातून मिळते.

दोन्ही भाग एकत्र आले की आतल्या बाजूस जॅक-२ हे विकर जागृत होते, ते स्टॅट-५ या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि स्टॅट-५ केंद्रकात जाऊन ठरावीक जनुके चालू करते. याच वेळी पेशीविभाजनाला चालना देणारा रास मार्ग आणि पेशीला जगवणारा पीआय-३ कायनेज मार्गही सुरू होतात.

निरोगी शरीरात रोजच्या रक्तनिर्मितीसाठी इंटरल्युकिन-३ अनिवार्य नाही, हे १९९८ मधील प्रयोगांनी दाखवले. त्याचे जनुक नसलेल्या उंदरांचे रक्त सर्वसाधारण होते. परंतु आतड्यात कृमींचा संसर्ग झाल्यावर त्यांच्यात मास्ट पेशी व बेसोफिल पेशी पुरेशा वाढल्या नाहीत आणि कृमी बाहेर टाकण्यास विलंब झाला. म्हणजे हा संकेत नित्याच्या कारभाराचा नसून संकटसमयीचा आहे. उत्तेजित टी-पेशी हा त्याचा मुख्य स्रोत असणे याच्याशी सुसंगत आहे. अतिरेक झाल्यास हाच संकेत घातक ठरू शकतो: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जंतुदोष रक्तात पसरलेल्या अवस्थेत इंटरल्युकिन-३ दाह वाढवते असे उंदरांत आढळले.

उत्पादन

संशोधनासाठीचे इंटरल्युकिन-३ बहुतेक वेळा ई. कोलाय या जीवाणूत बनवतात. पक्व प्रथिनाचा संदेश असलेला डीएनए प्लाझ्मिड या वर्तुळाकार डीएनएत बसवून जीवाणूत सोडतात. जीवाणू झपाट्याने वाढतात आणि प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवतात; पण घाईत बनलेले हे प्रथिन नीट घडी न पडता अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात पेशीत साचते. हे गोळे वेगळे करून तीव्र रसायनात विरघळवावे लागतात आणि नंतर ते रसायन हळूहळू काढून टाकत प्रथिनाला योग्य घडी घेऊ द्यावी लागते. घडी चुकली तर वजन बरोबर, शुद्धता बरोबर आणि तरीही परिणाम शून्य, असा माल हाती येतो.

जीवाणू शर्करेच्या साखळ्या जोडत नाहीत, म्हणून या रूपात त्या नसतात. आरंभी बहुधा एक जादा मेथिओनिन आम्ल असते. प्रयोगशाळेतील कसोट्यांत या फरकांनी क्रियाशीलतेला बाधा येत नाही. शर्करायुक्त रूप हवे असल्यास सस्तन प्राण्यांच्या पेशींत उत्पादन करतात.

प्रयोगशाळेतील उपयोग

रक्तविज्ञानात याचा सर्वांत जुना उपयोग वसाहत-परीक्षेत होतो. अस्थिमज्जेतील किंवा नाळेच्या रक्तातील मूळपेशी घट्ट, खळीसारख्या माध्यमात पसरून त्यात इंटरल्युकिन-३ व अन्य घटक मिसळतात. सुमारे दोन आठवड्यांत प्रत्येक पूर्वजपेशीभोवती तिच्या वंशजांची वसाहत तयार होते. वसाहती मोजल्या की मूळ नमुन्यात कोणत्या जातीच्या किती पूर्वजपेशी होत्या याचा अंदाज येतो. नाळेच्या रक्तातील मूळपेशी शरीराबाहेर वाढवण्याच्या प्रयोगांतही ते इतर सायटोकाइनांच्या जोडीने वापरले जाते.

विषाणूंविरुद्ध इंटरफेरॉन स्रवणाऱ्या प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी रक्तातून वेगळ्या केल्या की इंटरल्युकिन-३ वाचून लवकर मरतात. ॲलर्जीच्या निदानाशी संबंधित बेसोफिल परीक्षांत या पेशींना आधी किंचित सजग करण्यासाठी हे प्रथिन वापरण्याची पद्धत आहे. काही पेशी-वंश तर त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असतात. जपानमध्ये तोशिओ कितामुरा व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वर्णन केलेला ‘टीएफ-१’ हा मानवी पेशी-वंश इंटरल्युकिन-३ किंवा जीएम-सीएसएफ यांपैकी एकाच्या आधाराने वाढतो. आधार काढला की वाढ थांबते. हे परावलंबनच संशोधकाला मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते.

पुण्यातील संशोधन

राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र ही केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील संस्था सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात आहे. १९८० च्या दशकात प्राण्यांच्या ऊती व पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून तिचा आरंभ झाला. देशभरातील प्रयोगशाळांना पेशी-वंश पुरवणारे भांडार हे तिचे एक महत्त्वाचे अंग होय.

येथील मोहन वाणी यांच्या गटाने इंटरल्युकिन-३ चा संबंध हाडांशी जोडला. आपली हाडे सतत मोडत आणि घडत असतात. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवतात, अस्थिजनक पेशी नवे रचतात. हा तोल ढळला की अस्थी ठिसूळ होतात. अस्थिभंजक पेशी रक्तपेशींच्याच कुळातल्या, म्हणजे मोनोसाइट जातीच्या पूर्वजांपासून बनतात आणि त्यासाठी ‘रँक-एल’ व ‘एम-सीएसएफ’ या दोन संकेतांची गरज असते. संधिवातात दाह झालेल्या सांध्यांत टी-पेशी गोळा होतात आणि तेथील हाड झिजते. मग टी-पेशींनीच स्रवलेले इंटरल्युकिन-३ हाडाच्या बाबतीत काय करते, असा प्रश्न या गटाने हाती घेतला.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर अनपेक्षित होते. उंदराच्या पूर्वजपेशींना रँक-एल सोबत इंटरल्युकिन-३ दिले असता अस्थिभंजक पेशी तयारच होत नव्हत्या. त्या पेशी मरत नव्हत्या. त्या वाट बदलून भक्षक पेशी (मॅक्रोफेज) होत होत्या आणि नंतर इंटरल्युकिन-३ काढून घेतले तरी मागे फिरत नव्हत्या. २००५ मध्ये याच गटाने दाखवले की दाहकारक टीएनएफ-अल्फामुळे होणारी अस्थिभंजक पेशींची निर्मितीही ते रोखते.

यापुढचा टप्पा मानवी पेशींचा होता आणि तेथे मानवी पुनःसंयोजित प्रथिनाला पर्याय नव्हता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार मानवी पेशींतही अस्थिभंजकांची निर्मिती आणि हाडाची झीज थांबली. एम-सीएसएफ ज्याला चिकटते तो सी-एफएमएस ग्राही पेशींवर कमी झाला होता, म्हणजे आवश्यक दोन संकेतांपैकी एक ऐकू येणेच मंदावले होते. परंतु वळण वेगळे निघाले: उंदराच्या पेशी भक्षक पेशींच्या वाटेला लागल्या होत्या, तर मानवी पेशी डेंड्रायटिक पेशींच्या वाटेला लागल्या. एकच निष्कर्ष दोन प्राण्यांत मिळूनही त्यामागची कथा सारखी नव्हती. उंदरावरून माणसाविषयी अनुमान काढण्याची मर्यादा याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण पाठ्यपुस्तकांना क्वचितच मिळेल.

२०११ मध्ये उंदरांतील प्रायोगिक संधिवात इंटरल्युकिन-३ ने सौम्य होतो असे या गटाने दाखवले. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशींची वाढ हे त्याचे कारण दिले आहे. मानवी मूळपेशींपासून अस्थिजनक पेशी बनण्यास इंटरल्युकिन-३ हातभार लावते, हा २०१२ मधील निष्कर्ष. कूर्चेची झीज कमी होण्याविषयीचा निबंध २०१६ मध्ये आला.

परस्परविरोधी निष्कर्ष

वरील निष्कर्षांवरून इंटरल्युकिन-३ हे हाडांचे रक्षक आहे असे विधान करणे मात्र घाईचे ठरेल. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हाडे पोखरली जातात. अशा रुग्णांच्या अस्थिमज्जेत इंटरल्युकिन-३ वाढलेले असते आणि ते अस्थिभंजक पेशींच्या निर्मितीस उत्तेजन देते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००४ मध्ये मांडले. २००५ मध्ये त्यांनी आणखी म्हटले की या रोगात ते अस्थिजनक पेशींनाही रोखते. पण थेट नव्हे, तर तेथील मोनोसाइट व भक्षक पेशींच्या मध्यस्थीने. म्हणजे पुण्यातील प्रयोगांत जे दिसले त्याच्या नेमके उलट.

दोन्ही गटांचे प्रयोग प्रतिष्ठित नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यांपैकी कोणता तरी एक खोटा मानण्याचे कारण नाही. प्रयोगांची परिस्थिती भिन्न आहे. शुद्ध केलेल्या पूर्वजपेशींना एकच संकेत दिला तर त्या एक वाट धरतात. कर्करोगाने ग्रासलेल्या मज्जेत भोवतालच्या पेशी याच संकेताला उत्तर म्हणून ॲक्टिव्हिन-ए सारखे दुसरे संकेत सोडतात आणि परिणाम उलटतो. म्हणून या प्रथिनाविषयीचे कोणतेही विधान वाचताना कोणत्या प्राण्याच्या, कोणत्या पेशी, कोणत्या सोबतीत, किती दिवस, हे चार तपशील पाहिल्याशिवाय ते पुढे सांगू नये. वृत्तपत्रांतील ‘हाडांच्या ठिसूळपणावर उपाय सापडला’ अशा स्वरूपाच्या मथळ्यांत हे तपशील सहसा नसतात.

औषध म्हणून झालेले प्रयत्न

मानवी जनुक हाती आल्यावर दोनच वर्षांत, १९८८ मध्ये, माकडांवरील प्रयोगांत असे दिसले की आधी इंटरल्युकिन-३ आणि मागाहून जीएम-सीएसएफ दिल्यास रक्तपेशींची वाढ एकेकट्याने होते त्याहून बरीच अधिक होते. केमोथेरपीने अस्थिमज्जा दुबळी झालेल्या रुग्णांसाठी ही आशेची बातमी होती. १९९० मध्ये मज्जा निकामी झालेल्या रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पांढऱ्या पेशी वाढल्या, काही रुग्णांत प्लेटलेटही वाढल्या; सोबत ताप, डोकेदुखी व चेहरा लाल होणे हे त्रास झाले. या दोन सायटोकाइनांना जोडून बनवलेले एक संयुक्त प्रथिनही चाचण्यांत अपेक्षेस उतरले नाही. दरम्यान जी-सीएसएफ हे अधिक नेमके व सुसह्य औषध उपलब्ध झाले आणि इंटरल्युकिन-३ प्रयोगशाळेतच राहिले.

त्याचा एक अवतार मात्र रुग्णांपर्यंत पोहोचला, तोही वेगळ्या भूमिकेत. ब्लास्टिक प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक सेल निओप्लाझम या दुर्मीळ रक्तकर्करोगातील पेशींवर सीडी१२३ ग्राही भरपूर असतो. घटसर्पाच्या जीवाणूचे विष छाटून इंटरल्युकिन-३ ला जोडले, तर इंटरल्युकिन-३ वाटाड्याचे काम करते आणि विष नेमके या पेशींत पोहोचते. टॅग्रॅक्सोफस्प या नावाच्या अशा औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली. पेशी वाढवण्यासाठी शोधलेले प्रथिन येथे पेशी मारण्यासाठी योजले आहे.

क्रियाशीलता व मोजमाप

कुपीवर मायक्रोग्रॅममध्ये छापलेले वजन आणि प्रथिनाची क्रियाशीलता या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्रियाशीलता टीएफ-१ पेशींवर तपासतात: प्रथिनाची मात्रा वाढवत नेऊन पेशींची वाढ कमाल मर्यादेच्या निम्म्यावर येते ती मात्रा नोंदवतात. ती मात्रा जितकी कमी, तितके प्रथिन अधिक क्रियाशील. ही निम्म्याची मात्रा दर मिलिलिटरला ०.१ नॅनोग्रॅम असेल, तर विशिष्ट क्रियाशीलता दर मिलिग्रॅमला १ कोटी एकके येते. दोन उत्पादकांची एकके एकमेकांशी जुळतीलच असे नाही. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना असतो.

जीवाणूत बनवलेल्या प्रथिनात जीवाणूच्या भित्तिकेतील अंतर्विषाचा अंश राहू शकतो. मोनोसाइट पेशी त्याला फार संवेदनशील असतात. अत्यल्प अंशानेही त्या दाहकारक द्रव्ये सोडतात. अशा वेळी संशोधक ज्या परिणामाचे श्रेय इंटरल्युकिन-३ ला देतो, तो खरे तर भेसळीचा असतो. यासाठी उत्पादक अंतर्विषाची मर्यादा, बहुधा दर मायक्रोग्रॅमला १ एककाहून कमी, प्रमाणपत्रात नोंदवतात. काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात इंटरल्युकिन-३ ला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड मिसळून परिणाम नाहीसा होतो का, हेही पाहिले जाते. नाहीसा झाला नाही, तर संशय कुपीवर घ्यावा.

हाताळणी

प्रथिन शीतशुष्क भुकटीच्या रूपात येते. भुकटी इतकी कमी असते की कुपी रिकामीच भासते. ती झाकणाला चिकटलेली असण्याची शक्यता धरून उघडण्यापूर्वी अपकेंद्री यंत्रात थोडा वेळ फिरवतात. उत्पादकाने सुचवलेल्या द्रावात ती जोराने न हलवता विरघळवतात. फार विरल द्रावणात प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटून संपते, म्हणून ०.१ टक्का अल्ब्युमिनसारखे वाहक प्रथिन घालतात.

हिशेबाचे एक उदाहरण येथे देणे विद्यार्थ्यांस उपयुक्त ठरेल. १० मायक्रोग्रॅम प्रथिन १०० मायक्रोलिटर द्रावात विरघळवले, तर दर मायक्रोलिटरमध्ये १०० नॅनोग्रॅम प्रथिन येते. १० मिलिलिटर माध्यमात दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम हवे असल्यास एकूण १०० नॅनोग्रॅम, म्हणजे या द्रावणाचा अवघा १ मायक्रोलिटर लागतो. इतके सूक्ष्म आकारमान अचूक मोजणे कठीण असल्याने प्रत्यक्षात आधी दहापट विरल करून १० मायक्रोलिटर घेणे बरे.

विरघळवलेले प्रथिन लहान लहान वाट्यांत विभागून उणे २० ते उणे ८० अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. एकदा वितळवलेली वाटी पुन्हा गोठवू नये. गोठवण्या-वितळवण्याच्या प्रत्येक फेरीत क्रियाशीलता घटण्याचा धोका असतो. लातूर, नांदेड या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथे महानगरांतून येणाऱ्या पार्सलातील बर्फाच्या पिशव्या उघडताच तपासणे, पोहोचल्याची वेळ नोंदवणे आणि गोठणयंत्राला अखंड वीज राहील याची तजवीज करणे, ही कामे प्रयोगाइतकीच महत्त्वाची ठरतात. निकामी झालेले प्रथिन दिसायला चांगल्या प्रथिनासारखेच स्वच्छ व नितळ असते.

नियमन

भारतात जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांद्वारे असे प्रथिन बनवायचे असल्यास पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील १९८९ चे नियम लागू होतात आणि संस्थेत जैवसुरक्षा समिती असणे आवश्यक असते. मानवी रक्त वा अस्थिमज्जा वापरायची असल्यास संस्थेच्या नैतिकता समितीची अनुमती आणि दात्याची माहितीपूर्वक संमती लागते. कुपीवरील ‘केवळ संशोधनासाठी’ ही सूचना औपचारिक नाही: अशा उत्पादनाची निर्जंतुकता व मानवी सुरक्षितता औषधांच्या निकषांवर तपासलेली नसते, त्यामुळे ते कोणत्याही मार्गाने माणसाला देता येत नाही.